आगीनंतरचे बळ

श्रोतेहो, आजच्या भाषणाची सुरुवात एका साध्या प्रयोगाने करू. गुरुजींनी तो वर्गात जरूर करून दाखवावा. हातभर सुती दोरा घ्या. मिठाच्या दाट पाण्यात भिजवा, वाळवा, पुन्हा भिजवा, पुन्हा वाळवा. असे तीन-चार वेळा झाले की दोरा खिळ्याला टांगा आणि खालच्या टोकाला बारीक तारेची एक हलकी कडी अडकवा. खोलीत वारा नको. आता दोऱ्याला खालून काडी लावा. दोरा जळत वर जाईल, काळा पडेल, पण कडी जागच्या जागी लोंबत राहील. शेजारी बिनमिठाचा दोरा तशाच कडीसह टांगून पेटवा. ती कडी लगेच खाली येईल. मुलांना मोठे नवल वाटते.

यात जादू काही नाही. कापूस दोन्ही दोऱ्यांतला जळला. एकात मिठाच्या कणांची साखळी मागे उरली, तिने कडी धरून ठेवली. दुसऱ्यात नुसती राख उरली. फुंकर मारली तर मिठाची साखळीही तुटते, तेव्हा तिचे बळ फार आहे असे नाही. पण त्या कडीपुरते ते पुरले.

आगीचा विचार करताना आपण बहुधा एकच गोष्ट विचारतो: ही वस्तू जळते की नाही? दुसरा प्रश्न आपण विसरतो, आणि तोच अधिक महत्त्वाचा आहे. आग लागल्यावर त्या वस्तूत काय उरते, आणि उरलेले किती ओझे पेलते? हा दुसरा प्रश्न समजून घ्यायला मुंबईच्या चिंचपोकळीसारखी दुसरी शाळा नाही.

भायखळा आणि करी रोड यांच्या मधले हे लोकलचे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांच्या ओळखीचे असेल. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेला चाकरमानी वळकटी घेऊन याच भागात उतरे आणि गाववाल्याच्या खोलीवर पथारी टाकून गिरणीच्या दाराशी उभा राही. कुणाचा आजा, कुणाचा पणजा इथल्या भोंग्यावर उठलेला असेल. १८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी कंपनी स्थापली आणि १८५६ मध्ये ताडदेवला त्यांची गिरणी चालू झाली. मग पन्नास वर्षांत परळ, लालबाग, चिंचपोकळी हा सारा मुलूख धुराड्यांनी भरून गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास माणसे उतरली, आणि त्यानंतर एकेक भोंगा कायमचा थांबला.

त्या गिरण्यांची बांधणी कशी होती पाहा. बाहेरून दगडाच्या नाही तर विटांच्या जाड भिंती. आत बिडाच्या गोल खांबांच्या रांगा. खांबांवर तुळया, तुळयांवर लाकडी तक्तपोशी, आणि तक्तपोशीवर धडधडणारे साचे. बीड म्हणजे ओतीव लोखंड. आपल्याकडे जुन्या तव्यांना आणि नळांना जे वापरीत तेच. हे बीड गिरणीत आले कुठून, तर आगीच्या भीतीतून.

१७९१ साली लंडनमधली आल्बियन नावाची मोठी पिठाची गिरणी जळून खाक झाली. आत सारे लाकूडकाम होते. पुढे १७९७ मध्ये श्रूसबरीजवळ डिदरिंग्टन येथे चार्ल्स बेज याने एक तागाची गिरणी बांधून पुरी केली. तिच्यात खांब आणि तुळया दोन्ही बिडाची होती. लोखंडी सांगाड्याची ही जगातली पहिली इमारत मानतात. विचार सरळ होता: लोखंड जळत नाही, तेव्हा लोखंडाची गिरणी जळणार नाही. तीच विद्या पुढे जहाजातून मुंबईला आली. १८६०च्या दशकात काळा घोड्याजवळ वॉटसन हॉटेल उभे राहिले, त्याचा तर सगळा लोखंडी सांगाडाच विलायतेत तयार होऊन आला होता.

पण बंबवाल्यांना लवकरच वेगळे दिसू लागले. लंडनच्या अग्निशामक दलाचे प्रमुख जेम्स ब्रेडवुड यांनी १८४९ साली इंजिनियरांच्या सभेत एक निबंध वाचला. ज्या इमारतींना तुम्ही अग्निरोधक म्हणता, त्यांच्याबद्दल त्यांनी सावध केले. बीड जळत नाही हे खरे. पण ते ठिसूळ असते. तापलेल्या बिडाच्या खांबावर बंबाचे गार पाणी पडले की तो काचेच्या भांड्यासारखा तडकतो, आणि तडकण्यापूर्वी कसलीही सूचना देत नाही. वाकत नाही, करकरत नाही. अशा घरात आपली माणसे आत पाठवायची कशी, हा त्यांचा सवाल होता. हेच ब्रेडवुड १८६१ मध्ये लंडनच्या टूली स्ट्रीटवरील गोदामांच्या आगीत भिंत कोसळून कामावर असताना गेले.

आता लाकडाकडे या. लाकूड जळते, हे सांगायला कुणी नको. पण जाड तुळई जळते कशी, ते ध्यानात घ्या. वरचा थर जळून कोळसा होतो, आणि तोच कोळसा आतल्या लाकडाला पांघरुणासारखा झाकतो. त्यामुळे आग हळूहळू आत शिरते. मिनिटाला अर्धा ते पाऊण मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या तासात सुमारे दोन सेंटिमीटर.

गुरुजींनी फळ्यावर एक हिशेब मांडावा. तुळईचे बळ तिची रुंदी गुणिले उंची गुणिले उंची, या प्रमाणात असते. तीस सेंटिमीटर चौरस तुळई घेतली तर ३० × ३० × ३०, म्हणजे २७,०००. अर्धा तास दोन्ही बाजूंनी आणि खालून दोन-दोन सेंटिमीटर जळली. उरली २६ रुंद आणि २८ उंच. २६ × २८ × २८ म्हणजे २०,३८४. तीन-चतुर्थांश बळ शिल्लक! कोळशाला लागून असलेला थोडा थर तापून नरमतो, तो वजा केला तरी दोन-तृतीयांश उरते. आता पाच सेंटिमीटर रुंद आणि दहा उंच अशी बारीक पट्टी घ्या. ५ × १० × १० म्हणजे ५००. जळून उरली १ × ८ × ८, म्हणजे ६४. जेमतेम आठवा हिस्सा. लाकूड तेच, आग तीच. जाडीने सारा फरक केला.

पोलादाचे तिसरेच. ते बिडासारखे तडकत नाही. चारशे अंश सेल्सिअसपर्यंत ते बहुतेक बळ राखून असते. साडेपाचशे-सहाशेला बळ निम्म्यावर येते आणि तुळई मेणासारखी झुकू लागते. पेटलेल्या खोलीत आठशे-हजार अंश सहज होतात. शिवाय तापलेले पोलाद लांबते. दहा मीटरची तुळई पाचशे अंश तापली तर सुमारे सहा सेंटिमीटर वाढते आणि भिंतीला बाहेर ढकलते. मात्र निवल्यावर, ती सरळ राहिली असेल तर, पोलादाचे बरेचसे बळ परत येते.

चिंचपोकळीच्या पश्चिमेला ना. म. जोशी मार्ग आहे. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव त्या रस्त्याला दिले. तिथल्या बीडीडी चाळी १९२०च्या दशकात बांधल्या त्या सिमेंट काँक्रीटच्या. काँक्रीट जळत नाही आणि उष्णताही सावकाश आत घेते, म्हणून आतल्या सळया काही काळ गार राहतात. तेवढा काळ घर उभे राहते. पण सळईवरचा थर फुगून गळाला असेल, सळई उघडी पडली असेल, तर ते संरक्षण संपले. मुंबईची खारी हवा हा थर वर्षानुवर्षे पोखरीत असते. ही गोष्ट मनात ठेवा, शेवटी तिच्याकडे परत यायचे आहे.

आता कापसाकडे वळू, कारण आजच्या विषयातला सगळ्यात नवा माल कापसाच्याच भाऊबंदांतला आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन हे जहाज उभे होते. त्यात दारूगोळा होता आणि हजारो गाठी कापूस होता. कापसाला आग लागली. दाबून बांधलेली गाठ भडकत नाही. पोटात हवा नसल्याने ती आतल्या आत धुमसते, काळवंडते आणि उष्णता साठवते. वरून पाणी मारले तरी आतला निखारा राहतो. त्या दिवशी आग दारूगोळ्यापर्यंत पोचली. जहाज फुटले, गोदी आणि भोवतालची वस्ती उद्ध्वस्त झाली, शेकडो माणसे मेली. मुंबईच्या अग्निशामक दलाचे ६६ जवान त्यात गेले. चिंचपोकळीच्या शेजारीच भायखळ्याला त्या दलाचे मुख्य ठाणे आहे, आणि १४ एप्रिल हा दिवस आज देशभर अग्निशमन सेवेचा स्मृतिदिन म्हणून पाळतात.

हवा कमी असली की कापूस राख न होता कोळसा होतो, ही गोष्ट आपल्या डोंगरातल्या कोळसा पाडणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. भट्टी मातीने लिंपतात ती याचसाठी. लाकूड जाते, कोळसा उरतो, आणि लाकडाच्या रेषासुद्धा त्यात दिसतात. मग दोऱ्याचा असा कोळसा केला तर? १८७९ साली अमेरिकेत एडिसनने नेमके तेच केले. शिवणाचा सुती दोरा हवेविना भाजून त्याने काळा केला आणि निर्वात दिव्यात तो लावून वीज सोडली. इंग्लंडात जोसेफ स्वान याच वाटेने चालला होता. दिवा लागला, पण तो काळा धागा हात लावताच मोडे.

मजबूत कोळसाधागा यायला आणखी ऐंशी वर्षे लागली. १९५८ साली अमेरिकेत रॉजर बेकन यांनी कार्बनचे अतिशय बळकट तंतू करून दाखवले. १९६०च्या सुमारास जपानात ओसाका येथे अकिओ शिंदो यांनी ॲक्रिलिकच्या जातीच्या धाग्यापासून कार्बन तंतू काढला. पाठोपाठ इंग्लंडात फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात वॅट, फिलिप्स आणि जॉन्सन यांनी तो आणखी सुधारला. बाजारात लोकरीऐवजी मिळणारा स्वेटर ज्या जातीच्या धाग्याचा, त्याच जातीचा हा धागा. आधी तो हवेत दोनशे-तीनशे अंशांवर ताणून भाजतात, मग नायट्रोजन वायूत हजार अंशांच्या वर तापवतात. उरतो तो जवळजवळ शुद्ध कार्बन, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक, पोलादाच्या चौथाईहून हलका, आणि ओढून पाहिला तर पोलादाला मागे टाकणारा.

आता हा तंतू झाला तरी धागाच. त्याचे कापड विणतात, ताणा आणि बाणा घालूनच. आणि गिरणीत ताण्याला खळ लावीत, तसे याला राळेत भिजवून कडक करतात. तंतू आणि राळ मिळून जो माल होतो त्याला कार्बन तंतूचे संमिश्र म्हणतात. विमाने, शर्यतीच्या मोटारी, पवनचक्क्यांची पाती यांत तो वापरतात.

तर या मालाला आग लागली म्हणजे काय होते? आता आपल्याला उत्तर शोधणे सोपे आहे. खळ धुऊन गेली की ताण्याचे काय होते, ते साचेवाल्याला विचारा. धागे तसेच असतात, पण ते फिसकटतात, एकमेकांना धरून राहत नाहीत. इथेही तसेच. तंतू आगीला पुष्कळ वेळ दाद देत नाही. हवेत पाचशे अंशांच्या पुढे बराच काळ राहिला तर तो झिजू लागतो. राळ मात्र त्याच्या कितीतरी आधी नरमते, तीन-चारशे अंशांच्या घरात तिचे विघटन होते आणि ती धूर सोडीत पेटते. वरच्या थरातली राळ गेली की उघडे पडलेले तंतू गोधडीसारखे खालच्या थरांना काही काळ झाकतात, ही जमेची बाजू. पण राळेविना उरलेला तंतू म्हणजे दोरी. दोरीने ओढता येते, दोरीने ढकलता येत नाही. म्हणून आगीनंतर या मालाचे दाब सोसण्याचे बळ आधी जाते, ताण सोसण्याचे मागाहून.

याची मोठी परीक्षा २ जानेवारी २०२४ रोजी जपानच्या हानेडा विमानतळावर झाली. ज्याच्या सांगाड्यात कार्बन संमिश्र निम्म्याहून अधिक आहे, असे एक प्रवासी विमान धावपट्टीवर तटरक्षक दलाच्या छोट्या विमानाला धडकले आणि पेटले. छोट्या विमानातल्या सहांपैकी पाच जण गेले. मोठ्या विमानातली सारी ३७९ माणसे मात्र सुमारे अठरा मिनिटांत बाहेर पडली. नंतर ते विमान कित्येक तास जळत राहिले. जळण्यापासून कुणी वाचवू शकले नाही, पण माणसे उतरेपर्यंत सांगाडा उभा होता. यात कर्मचाऱ्यांची शिस्तही तितकीच कामी आली, हे विसरू नये.

आग लहान असली तर दुसराच पेच पडतो. जुलै २०१३ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उभ्या असलेल्या अशाच एका विमानाला, छताजवळच्या एका यंत्राच्या बॅटरीतून आग लागली. खराब झालेला भाग दुरुस्त करून ते विमान पुन्हा उडाले. अशा वेळी तज्ज्ञांना पाहावे लागते ते हे, की काळे पडलेले कुठवर आणि आतून सुटलेले कुठवर. आतले थर सुटलेले डोळ्याला दिसत नाहीत. त्यासाठी ध्वनिलहरींची यंत्रे आहेत, आणि एक जुनी पद्धतही आहे: नाण्याने टकटक करीत जायचे. चांगल्या भागाचा आवाज खणखणीत येतो, सुटलेल्याचा बद्द. आपल्या आया बाजारात मडके वाजवून घेतात, तीच ही परीक्षा. आणखी एक सूचना. जळलेल्या संमिश्रातून तंतूंची बारीक कुसळे उडतात, ती छातीत आणि डोळ्यांत जातात. अशा ठिकाणी नाक-तोंड झाकल्याशिवाय कुणी हात घालू नये.

आता पुन्हा मुंबईत येऊ. तुम्ही म्हणाल, विमानाशी आमचा काय संबंध? पण हा माल आता घरांवर आला आहे. सळया गंजून कमजोर झालेल्या जुन्या खांबांना आणि तुळयांना कार्बन तंतूचे कापड राळेने चिकटवून बळकट करतात. मुंबईत आणि इतर शहरांतही अशी दुरुस्ती होते. पट्टा पातळ असतो, गंजत नाही, खोलीतली जागा खात नाही. चांगली विद्या आहे. पण जागेवर चिकटवलेली ही राळ बहुधा साठ ते ऐंशी अंशांनाच नरमू लागते. आत्ताच कपात ओतलेला चहा त्याच सुमारास असतो! म्हणजे घराला आग लागली तर पट्ट्याची पकड पहिल्या काही मिनिटांतच सुटू शकते, तंतू धडधाकट असला तरी.

म्हणून अमेरिकेतल्या काँक्रीट संस्थेने एक शहाणपणाचा नियम सांगून ठेवला आहे. पट्टा मुळीच नाही असे समजा. तरीही त्या इमारतीने स्वतःचे सगळे वजन, वर दहावा हिस्सा जास्त, आणि माणसे व सामान यांच्या ठरलेल्या भाराचा पाऊण हिस्सा पेलला पाहिजे. एवढे मूळ बळ नसेल तर नुसत्या पट्ट्यावर घर तोलू नये. मिठाच्या दोऱ्याची आठवण झाली ना? दोरा गेल्यावर काय उरते, ते आधी मोजायचे.

तुमचा मुलगा, भाऊ, मेहुणा मुंबईत जुन्या इमारतीत राहत असेल आणि तिथे अशी दुरुस्ती निघाली असेल, तर त्याला तीन प्रश्न कळवा. ते त्याने सोसायटीच्या सभेत इंजिनियरसाहेबांना विचारावेत. पट्टा सुटला तर खांब स्वतः किती भार पेलेल? पट्ट्यावर आगीपासून राखणारा गिलावा देणार आहात काय? आणि कधी आग लागलीच, तर ती विझल्यावर खांब तपासल्याखेरीज आम्हाला आत पाठवणार नाही ना? हे प्रश्न विचारायला कुणी शिकलेसवरलेले असण्याची गरज नाही.

आणि एक गोष्ट. २९ डिसेंबर २०१७ रोजी मध्यरात्रीनंतर, चिंचपोकळीपासून जवळच, लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात गच्चीवरच्या खाणावळींना आग लागली. चौदा जण गेले, बहुतेक गुदमरून. खालची इमारत पडली नव्हती. तेव्हा इमारतीचे बळ उरले म्हणजे सगळे झाले असे नाही. धूर कुठून जाईल आणि माणूस कुठून जाईल, हे त्याच्याही आधी पाहायचे. ते बळ हवे असते ते माणसाला जिना उतरून बाहेर पडायला लागणाऱ्या वेळापुरते, आणि त्याला आणायला आत शिरणाऱ्या बंबवाल्यासाठी.

काळाचौकीला इंडिया युनायटेड मिलच्या जागेवर कापडगिरण्यांचे संग्रहालय करण्याची योजना मुंबई महापालिकेने हाती घेतली आहे. पुढेमागे मुलांची सहल तिकडे नेलीत, तर साचे दाखवाल, धुराडे दाखवाल. जुना बिडाचा खांब कुठे दिसला तर तोही दाखवा आणि विचारा: बाळांनो, हा जळत नाही. मग बंबवाले याला का भीत होते? वर्गात मिठाचा दोरा पाहिलेले पोर उत्तर देईल.